साथीच्या काळात रुग्णालयातील समाजसेवक

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या मेळाव्यात आम्हाला आमच्या कामाविषयी बोलण्यास बोलावले, याबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. आम्ही मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयांत काम करणारे वैद्यकीय समाजसेवक आहोत. डॉक्टर काय करतात, सिस्टर काय करतात, हे आपणांस ठाऊक आहे. आमच्या खोलीवर ‘समाजसेवा विभाग’ अशी पाटी असते आणि बाहेरच्या बाकावर केसपेपर हातात घेऊन माणसे बसलेली असतात. परंतु आत नेमके काय चालते, हे पुष्कळांना माहीत नसते. ‘औषधपाण्याला पैसे मिळवून देणारे लोक’ एवढीच आमची ओळख असते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने आमच्या कामाची रीत मुळापासून बदलली. ती कशी बदलली, त्यातले काय टिकवले पाहिजे आणि पुढच्या साथीसाठी आपल्यासारख्या संस्थांनी आतापासून काय करून ठेवले पाहिजे, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

या कामाचा उगम

प्रथम थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. १९०५ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेवकाची नेमणूक केली. औषध देऊन बरा झालेला रुग्ण घरी जातो आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी पाहिले होते. त्याचे कारण औषधात नव्हते. ते रुग्णाच्या घरात, कामधंद्यात आणि ताटात होते. ते शोधून काढण्यासाठी डॉक्टरांच्या जोडीला दुसरा माणूस हवा, असा हा विचार होता. आपल्या देशात १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्याआधी दहा वर्षे, १९३६ साली, मुंबईतच समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली होती. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय.

तेव्हापासून आमच्या कामाची पद्धत साधारण एकच राहिली. रुग्णाच्या खाटेजवळ बसावे, त्याच्याशी बोलावे, नातेवाइकांना भेटावे आणि गरज पडली तर घरी जाऊन यावे. क्षयाच्या रुग्णाने औषध मध्येच का सोडले, हे त्याच्या तोंडून लवकर कळत नाही. रोजंदारी बुडते म्हणून सोडले, की घरच्यांपासून आजार लपवला म्हणून सोडले, हे त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून कळते. माणसाच्या जवळ बसता येणे हेच आमचे मुख्य साधन होते. मार्च २०२० मध्ये नेमके तेच साधन आमच्या हातून गेले.

जुन्या साथीचा धडा

मुंबईला साथ नवीन नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. १८९७ साली साथरोग कायदा आला. घरोघरी झडत्या होऊ लागल्या आणि रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेले जाऊ लागले. लोक आपले आजारी माणूस लपवू लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आज त्या रस्त्यावर कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि २०२० साली मुंबईतील पहिले कोरोनाचे रुग्ण तेथेच ठेवले गेले.

त्या वेळी लोक का चिडले? आत नेलेले माणूस परत येत नाही आणि त्याचे काय झाले ते कोणी सांगत नाही, म्हणून. भिंतीच्या आत काय चालले आहे हे बाहेर कळले नाही, की ती जागा अफवा घेते. त्याच साथीत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळात रुग्णालयात समाजसेवक नावाचे पद नव्हते. पण आजाऱ्याला घरातून उचलून दवाखान्यापर्यंत नेणे, त्याला एकटे न सोडणे, हे आमचेच काम त्या करीत होत्या असे आम्ही मानतो.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा लागू केला. कायदा जुना होता आणि भीतीही जुनीच होती. आत गेलेल्या माणसाची खबर बाहेर पोहोचवायची कशी, हा प्रश्नही जुनाच होता. या वेळी तो प्रश्न आमच्या टेबलावर येऊन पडला.

वॉर्डाचे दार बंद झाले

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण सापडले आणि ११ मार्चला मुंबईत. २२ मार्चला लोकल गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. रुग्णालयात नातेवाइकांना प्रवेश बंद झाला. ज्या व्हरांड्यात आणि जिन्याखाली एरवी माणसांची गर्दी असे, तो भाग मोकळा पडला.

रुग्णाला रुग्णवाहिका घेऊन येई. बरोबर कोणी नसे, कारण घरचे लोकही अलगीकरणात गेलेले असत. रुग्णाच्या खिशात फोन असला तरी त्याची बॅटरी उतरलेली असे. एका रिक्षाचालकाची गोष्ट सांगतो. त्याला श्वास लागला होता, बोलता येत नव्हते. केसपेपरवर जो फोन नंबर लिहिला होता तो त्याचा स्वतःचा होता आणि तो फोन बंद होऊन उशाशी पडला होता. तीन दिवस घरच्यांना तो कोणत्या रुग्णालयात आहे हेच कळले नाही. शेवटी त्याच्या पाकिटात रेशनकार्डाची झेरॉक्स सापडली. तिच्यावरून आम्ही रेशन दुकानदार शोधला, दुकानदाराने शेजारी शोधला आणि शेजाऱ्याने बायकोच्या हातात फोन दिला. तिने पहिला प्रश्न विचारला तो ‘आहेत ना?’ एवढाच.

या एका प्रसंगानंतर आमच्या विभागात पहिला नियम झाला. दाखल होताना प्रत्येक रुग्णाचे दोन फोन नंबर घ्यावयाचे. एक घरातला आणि एक घराबाहेरचा. शेजारी, मालक, वस्तीतला कार्यकर्ता, कोणीही चालेल. नंबर लिहून घेतला की तिथेच लावून पाहावयाचा. ही बाब ऐकताना फार लहान वाटते. परंतु पुढे दोन वर्षांत कितीतरी घरांची ताटातूट या एका नोंदीने टळली.

कामाची नवी रीत

दुसरी गोष्ट म्हणजे फोनची वेळ ठरवणे. सुरुवातीला नातेवाईक दिवसभर फोन करीत आणि वॉर्डातला फोन सतत वाजत असे. सिस्टरने सलाईन लावावे की फोन घ्यावा? म्हणून रोज राउंड संपल्यावर डॉक्टरांकडून प्रत्येक रुग्णाची स्थिती आम्ही लिहून घेऊ लागलो आणि दुपारी ठरलेल्या वेळी घरी फोन करू लागलो. ‘रोज तीन ते पाचच्या दरम्यान आमचा फोन येईल’ असे सांगितले आणि तो खरोखरच आला, की घरातली माणसे उरलेला दिवस थोडी शांत राहत. सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी फोन करावयाचा, हाही नियम होता. ‘काल होते तसेच आहेत, ऑक्सिजन चालू आहे, सकाळी चहा घेतला’ एवढे सांगितले तरी पुरे होई. डॉक्टरांनी जे सांगितले नाही ते आपण सांगावयाचे नाही आणि जे सांगितले ते सोप्या मराठीत सांगावयाचे, ही मर्यादा आम्ही कटाक्षाने पाळली.

तिसरी गोष्ट भाषेची. मुंबईच्या रुग्णालयात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल येथून आलेले कामगार होते. त्यांच्या गावी फोन लावावयाचा तर भाषा येणारा माणूस हवा. मग कोणत्या वॉर्डबॉयला भोजपुरी येते, कोणत्या सिस्टरला मल्याळम येते, कोणत्या रेसिडेंट डॉक्टरला बंगाली येते, याची यादी आम्ही केली. रुग्णालयात एवढ्या भाषा बोलल्या जातात हे आम्हाला त्या यादीमुळे प्रथमच कळले.

चौथी गोष्ट चेहऱ्याची. पीपीई किट घातलेला माणूस रुग्णाला डोळ्यांपुरताच दिसतो. डॉक्टर कोण, सफाई कामगार कोण, काही समजत नाही. वयस्क रुग्ण घाबरून जात. म्हणून किटवर छातीशी मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहिण्याची किंवा स्वतःचा फोटो चिकटवण्याची पद्धत अनेक ठिकाणी सुरू झाली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाईल घेऊन खाटेखाटेवर जायचे आणि घरच्यांशी व्हिडिओवर बोलणे करून द्यायचे, हे आमचे रोजचे काम झाले. ज्यांना बोलता येत नसे त्यांच्या कानाशी फोन धरायचा. आतून कागद बाहेर आणण्यास बंदी होती. तेव्हा रुग्णाने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून तो घरी पाठवायचा. ज्या घरात वाचणारे कोणी नाही तेथे ती चिठ्ठी फोनवर वाचून दाखवायची.

मृत्यूची वार्ता

आता जे सांगावयाचे आहे ते कठीण आहे, पण विद्यार्थ्यांनी ते ऐकलेच पाहिजे.

पूर्वी मृत्यूची बातमी समोरासमोर दिली जाई. नातेवाइकाला खुर्ची देता येई, पाणी देता येई, खांद्यावर हात ठेवता येई. साथीत ही बातमी फोनवरून द्यावी लागली. त्यासाठी आम्ही स्वतःला एक शिस्त लावून घेतली. निधन झाल्याचे डॉक्टरांनी सांगावयाचे आणि त्या फोनवर आम्ही थांबून राहावयाचे. बोलण्यापूर्वी विचारावयाचे, ‘आपण कुठे आहात? जवळ कोणी आहे का? बसून घ्या.’ रस्त्यात असेल त्याला आधी बाजूला थांबण्यास सांगावयाचे. ‘तब्येत जास्त आहे, लवकर या’ असे म्हणून बोलावून घ्यावयाचे नाही. ‘मृत्यू झाला’ हे शब्द स्पष्ट उच्चारावयाचे, कारण आडवळणाने सांगितले की माणूस आशा धरून बसतो. त्यानंतर गप्प राहावयाचे. फोन लवकर ठेवावयाचा नाही. तासाभराने पुन्हा फोन करावयाचा, कारण पहिल्या फोनवर सांगितलेले कागदपत्रांचे काहीच लक्षात राहिलेले नसते.

अंत्यविधीबाबत लोकांच्या मनात फार गोंधळ होता. अनेकांना वाटे की चेहराही पाहू देणार नाहीत. वास्तविक केंद्र शासनाच्या मार्च २०२० च्या सूचनांमध्ये पिशवीची साखळी उघडून चेहरा दाखवण्यास परवानगी होती. मृतदेहाला स्पर्श न करता पाठ म्हणणे, पाणी शिंपडणे अशा विधींनाही मुभा होती. स्नान घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे यांस मनाई होती. अस्थी गोळा करण्यात धोका नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. या सूचना नीट वाचून ठेवणे आणि त्या कुटुंबाला समजावून सांगणे, हे आमच्या कामाचा भाग झाले. नियम काय नाकारतो हे सगळेच सांगतात, पण नियम काय देतो हे सांगणारा माणूस दुःखाच्या वेळी जास्त लागतो.

एका बौद्ध कुटुंबातील आजोबा वारले तेव्हा घरचे सगळे अलगीकरण केंद्रात होते. मुलाने विचारले, ‘त्रिशरण-पंचशील तरी होईल का?’ त्यांच्या वस्तीतील बौद्धाचार्यांना आम्ही फोन लावला, दुसऱ्या बाजूने मुलाला जोडले आणि स्मशानभूमीत कर्मचाऱ्यांनी फोनचा आवाज मोठा करून हातात धरला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढे कित्येक महिने होऊ शकला नाही. पण त्या दिवशी वडिलांना मुक्याने निरोप दिला नाही, एवढे त्या मुलाजवळ राहिले. असेच मुस्लिम, हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठीही आमच्या सहकाऱ्यांनी केले.

ज्यांना कोरोना नव्हता ते रुग्ण

साथीत एका आजाराकडे सगळ्यांचे लक्ष लागते आणि बाकीचे आजार मागे पडतात. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा आलाच पाहिजे. थॅलसीमियाच्या मुलाला रक्त मिळालेच पाहिजे. लोकल बंद, रक्तदान शिबिरे बंद, अशा स्थितीत ही माणसे कुठे जाणार? परळच्या कर्करोग रुग्णालयाच्या आसपास परगावचे रुग्ण पदपथावर अडकून पडले होते.

देशात २०१९ साली क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. म्हणजे सहा लाखांची घट झाली. ही घट आजार कमी झाल्यामुळे झालेली नाही. तितकी माणसे तपासणीपर्यंत पोहोचली नाहीत असाच त्याचा मुख्य अर्थ आहे. क्षय हा दाटीवाटीच्या घरांत पसरणारा आजार आहे आणि आपल्या वस्त्यांत तो किती आहे हे आपणांस सांगावयास नको.

त्या काळात आम्ही जुनी रजिस्टरे उघडली. नियमित येणाऱ्या रुग्णांची यादी केली आणि एकेकाला फोन केला. औषध किती दिवसांचे शिल्लक आहे, हा पहिला प्रश्न असे. पोलीस अडवू नयेत म्हणून रुग्णालयाचे पत्र दिले. एचआयव्हीच्या औषधांचा पुरवठा एका वेळी अधिक महिन्यांसाठी देण्याची सोय शासनाने केली होती, ती रुग्णांना कळवली. जे येऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी वस्तीतील कार्यकर्त्यांमार्फत औषध पोहोचवले. मात्र पाकिटावर आजाराचे नाव असणार नाही, ही काळजी घेतली. घाईच्या काळातही रुग्णाचे गुपित सांभाळावेच लागते.

अंतर या शब्दाविषयी

त्या वेळी ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द जो तो वापरू लागला. आमच्यापैकी अनेकांना तो ऐकताना बोचत असे. या देशात सामाजिक अंतर ही काय चीज आहे हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले त्यांना तो शब्द वेगळाच ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये ‘शारीरिक अंतर’ असा शब्दप्रयोग करण्यास सुरुवात केली, कारण अंतर शरीराचे ठेवावयाचे होते, माणुसकीचे नव्हे.

परंतु प्रत्यक्षात बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला चाळीत नळावर पाणी भरू दिले जात नसे. घरकाम करणाऱ्या बायांना काम परत मिळत नसे. नर्सेसना घरमालक खोली सोडण्यास सांगत. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले थांबवण्यासाठी २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागेत लाखो लोक, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे आणि सार्वजनिक शौचालय. तेथे ‘घरीच अलग राहा’ हे सांगणे निरर्थक होते. शाळा, सभागृहे, क्रीडासंकुले ताब्यात घेऊन तेथे राहण्या-जेवणाची सोय करावी लागली.

अशा ठिकाणाहून आलेल्या रुग्णाला घरी सोडताना आम्ही वस्तीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी फोन करीत असू. ‘हे बरे होऊन येत आहेत. यांच्यापासून आता धोका नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तुम्ही गेटवर उभे राहाल का?’ एवढीच विनंती असे. कोणी तरी गेटवर उभे राहिले की बाकीचे हळूहळू बोलू लागत. या कामी महिला मंडळांनी जी मदत केली ती आम्ही विसरू शकत नाही.

कागद

दुसरी लाट २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आली. या लाटेत कमावत्या वयाची माणसे मोठ्या प्रमाणावर गेली आणि मागे तरुण विधवा व लहान मुले राहिली. तेव्हा आमच्या कामाचे तिसरे पर्व सुरू झाले. ते कागदांचे होते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातील सर्व रहिवाशांसाठी खुली करण्यात आली होती. पण हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी दागिने मोडून खाजगी रुग्णालयांची बिले भरली. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात, हेही पुष्कळांना माहीत नसते. सभासदांनी हे दोन्ही नियम आपापल्या वस्तीत सांगावेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य ठरले. तपासणीत कोरोना आढळल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला असला तरी, त्यासाठी ग्राह्य होता. दाखल्यावर कोरोनाचा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून साहाय्य नाकारू नये, असेही न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. परंतु तपासणीचा रिपोर्ट हरवला होता, नावात एक अक्षर चुकले होते, वारस म्हणून बायकोचे नाव रेशनकार्डावर चढवलेलेच नव्हते. अशा घरांसाठी आम्ही जुने केसपेपर काढले, नोंदी जुळवल्या आणि अर्ज भरून दिले. नवरा गेल्यावर सासरी जिचे काही चालत नाही अशा सुनेला ते पैसे तिच्याच खात्यात मिळावेत, यासाठी आधी तिच्या नावाचे खाते उघडून द्यावे लागले.

ज्या मुलांचे आई-वडील दोघेही गेले त्यांच्यासाठी केंद्र शासनाने वयाच्या २३ व्या वर्षी मिळणाऱ्या १० लाख रुपयांची योजना जाहीर केली. राज्य शासनाने ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. एक पालक गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेचा आधार मिळाला. त्या वेळी तो दरमहा १,१०० रुपये होता, २०२३ पासून तो २,२५० रुपये करण्यात आला. त्याच दिवसांत मोबाईलवर ‘दोन महिन्यांचे बाळ दत्तक देणे आहे’ असे संदेश फिरत होते. असे मूल परस्पर कोणाला देणे किंवा घेणे हा गुन्हा आहे. बालकल्याण समितीकडूनच हे काम होते आणि १०९८ या क्रमांकावर कळवता येते. हे आजही तितकेच लागू आहे.

काम करणाऱ्यांविषयी

समाजसेवकांनाही घर असते. दिवसाला चार-पाच घरांत मृत्यूची बातमी पोहोचवून घरी गेल्यावर आपल्याच मुलांपासून वेगळ्या खोलीत बसावे लागे, आणि खोली एकच असेल तर रुग्णालयातच राहावे लागे. आम्ही दोन तुकड्या केल्या, म्हणजे एक तुकडी आजारी पडली तरी काम चालू राहील. दिवस संपल्यावर पंधरा मिनिटे एकमेकांशी फोनवर बोलणे सक्तीचे केले. त्यात कामाचा अहवाल द्यावयाचा नसे. आज काय जड गेले तेवढेच सांगावयाचे. रडू आले तर रडावयाचे. ही पंधरा मिनिटे नसती तर आमच्यापैकी काहींनी काम सोडले असते. मनावर ताण आला तर मदत घेण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती सर्वांसाठी मोफत आहे.

आपण काय करावे

साथ ओसरली. वॉर्डाची दारे उघडली. आम्ही पुन्हा खाटेजवळ बसू लागलो. पण दोन फोन नंबरांचा नियम, ठरलेल्या वेळी घरी फोन आणि भाषांची यादी या गोष्टी आम्ही सोडलेल्या नाहीत. एरवीही आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकाला आत काय चालले आहे ते कळत नसतेच.

मात्र सगळे काम रुग्णालयातून होणार नाही. शेकडो खाटांमागे समाजसेवक मोजकेच असतात. म्हणून संस्थेच्या सभासदांना आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, प्रत्येक घरात एक कागद भिंतीवर लावून ठेवावा. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट, चालू औषधे आणि घराबाहेरच्या दोन माणसांचे फोन नंबर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला फोनची कुलपे उघडता येत नाहीत.

दुसरी, रेशनकार्ड, आधार आणि बँक खाते यांवरील नावे एकसारखी आहेत का, हे आजच पाहावे. सुनेचे नाव रेशनकार्डावर चढवावे. तिचे स्वतःचे खाते असावे.

तिसरी, प्रत्येक वस्तीतून एक स्त्री आणि एक पुरुष असे दोघे जण नेमावेत. जवळच्या सार्वजनिक रुग्णालयातील समाजसेवा विभागात त्यांनी एकदा जाऊन ओळख करून घ्यावी. अडचणीच्या वेळी ओळखीचा आवाज फार उपयोगी पडतो.

चौथी, घरात मृत्यू झाला तर अंत्यविधीला आणि पुण्यानुमोदनाला जाणे आपण चुकवत नाही, ते चांगलेच आहे. पण तीन महिन्यांनी पुन्हा एकदा त्या घरी जावे. कागद झाले का, मुले शाळेत जातात का, चूल पेटते का, हे विचारावे. दुःखाचे पहिले दिवस माणसांच्या गर्दीत जातात, खरी अडचण नंतर सुरू होते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण डॉक्टर होतील, इंजिनिअर होतील, स्पर्धा परीक्षा देतील. कोणी समाजकार्याचा अभ्यासक्रमही करावा असे आम्हाला मनापासून वाटते. मुंबईत टाटा संस्था आणि १९५५ पासून निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था असे मार्ग खुले आहेत. रुग्णालयात येणारा रुग्ण बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतून आलेला असतो. तो कुठे राहतो, काय खातो, कशाला घाबरतो, हे ज्याला न सांगता कळते असा समाजसेवक त्याला मिळाला पाहिजे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा दार पुन्हा बंद होईल, हे मात्र धरून चालावे. त्या वेळी दाराच्या आतून आम्ही फोन लावू. तो उचलण्यासाठी बाहेर कोणी तरी असावे आणि त्याचा नंबर आमच्या रजिस्टरात असावा, एवढी तयारी आपण आजपासून करावी, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.